एम-५ महामार्ग (सीरियन गृहयुद्ध)

एम-५ हा सीरियातील प्रमुख उत्तर-दक्षिण महामार्ग आहे. जॉर्डनच्या सीमेपासून निघणारा हा मार्ग दमास्कस, होम्स, हमा व अलेप्पो ही शहरे जोडतो. २०११ मध्ये सुरू झालेल्या गृहयुद्धात त्याच्या ताब्यासाठी दीर्घकाळ लढाया झाल्या.

सामरिक महत्त्व

अलेप्पो हे युद्धपूर्व सीरियातील सर्वांत मोठे शहर व औद्योगिक केंद्र होते. महामार्ग बंडखोरांच्या हाती गेल्यावर तेथील सरकारी फौजांची रसद खनासिरमार्गे लांबच्या आडरस्त्याने न्यावी लागे. होम्स येथून भूमध्य समुद्रकिनाऱ्याकडे वाट फुटते, तर सराकिबजवळ लताकियाकडे जाणारा एम-४ महामार्ग मिळतो. त्यामुळे ही दोन्ही ठिकाणे निर्णायक ठरली.

२०१९-२० ची मोहीम

सप्टेंबर २०१८ च्या सोची करारात रशिया व तुर्कस्तान यांनी दोन्ही महामार्ग वर्षाखेरीस खुले करण्याचे ठरवले होते. ते प्रत्यक्षात आले नाही. सरकारी सैन्याने रशियन हवाई दलाच्या साहाय्याने ऑगस्ट २०१९ मध्ये खान शेखून, जानेवारी २०२० मध्ये मारत अल-नुमान आणि फेब्रुवारीत सराकिब घेऊन संपूर्ण एम-५ ताब्यात आणला. २७ फेब्रुवारी रोजी हवाई हल्ल्यात ३० हून अधिक तुर्की सैनिक ठार झाले. ५ मार्च रोजी मॉस्को येथे युद्धविराम ठरला. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीनुसार या मोहिमेत ९ लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले.

२०२४ मधील उलटफेर

२७ नोव्हेंबर २०२४ रोजी हयात तहरीर अल-शामच्या नेतृत्वाखालील गटांनी चढाई केली. काही दिवसांत अलेप्पो, ५ डिसेंबरला हमा आणि त्यानंतर होम्स पडले. ८ डिसेंबरला दमास्कस हाती आले व बशर अल-असद यांची राजवट संपली.

विश्लेषण

महामार्ग जिंकणे आणि राखणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनाक्रमातून दिसते. राजवटीचा विजय मोठ्या प्रमाणात रशिया, इराण व हिजबुल्ला यांच्या बळावर उभा होता. रशिया युक्रेनमध्ये गुंतलेला असताना आणि हिजबुल्ला इस्रायलशी झालेल्या युद्धाने दुबळी झालेली असताना हा आधार खचला. आघाडी फुटताच, राजधानीकडून उत्तरेला रसद नेणारा तोच रस्ता बंडखोरांना राजधानीपर्यंत नेणारा ठरला. सत्तांतरानंतर विस्थापितांसाठी मारत अल-नुमान व सराकिबकडे परतण्याची वाट मोकळी झाली. मात्र तेथील अनेक वस्त्या उद्ध्वस्त अवस्थेत होत्या.