पान पिवळें पडलें, दोष कोणाचा?

कोल्हापुरांत अलीकडे पुष्कळ घरांच्या खिडक्यांत आमरीचीं, म्हणजे ज्यांस आपण ऑर्किड म्हणतों तीं झाडें दिसूं लागलीं आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्यांतील बरींच झाडें फार दिवस जगत नाहींत. आणि तीं रोगानें मरण्यापेक्षां मालकाच्या उपचारानेंच अधिक मरतात, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पान पिवळें दिसलें कीं प्रथम पाणी, मग खत, शेवटीं फवारा, हा क्रम शेतावरून घरांत आला आहे. प्रस्तुत लेखकानेंही याच क्रमानें एक उत्तम झाड घालविलें. पानें सुरकुतलीं, तेव्हां झाड तहानेलें आहे असें समजून पाणी वाढविलें. झाड मेल्यावर कुंडी उपडी केली, तों मुळ्या सर्व तपकिरी व पिळपिळीत! पाण्यांत बसून झाड तहानेनें मेलें होतें. कारण कुजलेलें मूळ पाणी ओढूं शकत नाहीं.

याचें कारण आपल्याच सह्याद्रींत पाहावयास मिळतें. तेथें सीतेची वेणी ही आमरी झाडांच्या फांद्यांवर वाढते. कित्येक लोक तिला बांडगूळ समजतात, तें खरें नव्हे. ती आश्रय घेते, रस शोषीत नाहीं. तिच्या मुळ्यांवरील स्पंजासारखें आवरण पाऊस पडतांच पाणी टिपतें व वारा लागतांच सुकतें. बाजारांत मिळणारी फॅलेनॉप्सिस जावा, फिलिपाईन्स अशा बेटांकडील असली तरी तिची राहणी अशीच आहे. तिला मातींत पुरून रोज पाणी घालणें, ही शिरोळ तालुक्यांत उसास अति पाणी देऊन जमिनी खारवल्या त्याचीच लहान आवृत्ति होय.

म्हणून पानाचा दोष शोधतांना आधीं मूळ पाहावें. भरीव, कोरडेपणीं रुपेरी व भिजल्यावर हिरवें दिसणारें मूळ निरोगी समजावें. कुजलेलें मूळ कापून झाड कोळसा, विटांचे तुकडे व नारळाचें सोडण यांत लावावें. आषाढ-श्रावणांत हवाच ओली असते. कुंडी आंतून सुकत आल्यावांचून पाणी देऊं नये.

मूळ चांगलें असेल, तर मग पानाकडे वळावें. सर्वांत खालचें एखादें जुनें पान पिवळें पडणें हा वयाचा धर्म आहे. उन्हाच्या बाजूस पडलेला, पांढुरका, न पसरणारा डाग भाजल्याचा असतो. त्यास औषध नको, सावली हवी. शेंडे करपले तर बहुधा क्षार सांचलेले असतात. खत थांबवून कुंडींतून पावसाचें पाणी भरपूर वाहूं द्यावें. पाणथळ, दुर्गंधीचा, दिवसागणिक पसरणारा डाग मात्र खरा रोग होय. तो थोड्या निरोगी भागासह, विस्तवावर धरून गार केलेल्या पातीनें कापावा, झाड वाऱ्यावर ठेवावें व पानांच्या बेचक्यांत पाणी सांचूं देऊं नये. बेचक्यांत कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटच्या बोळ्यानें पुसून काढावा.

कोणी म्हणेल, हा शौकिनांचा विषय. शेतकऱ्यांस त्याचें काय? आमचें उत्तर असें कीं, खिडकींतील एका कुंडीसमोर जो कारण ओळखावयास शिकेल, तो मळ्यांतही औषधाची बाटली आणण्यापूर्वीं एक मूळ उपटून पाहील. त्यांत पैसा वांचेल आणि जमीनही वांचेल.

आणखी एक विनंति. मेलेल्या झाडाची जागा भरण्यासाठीं रानांतील आमरी ओरबाडून आणूं नये. राधानगरीसारख्या अभयारण्यांतून झाड काढणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहेच. पण कायदा नसता तरी, ज्यास एक झाड जगवितां आलें नाहीं त्यानें दुसरें रानांतून उपटावें, हें शेतकऱ्याच्या ब्रीदास शोभणारें नाहीं.