अंकांची कंठी

१२३४५६५४३२१ ही संख्या डावीकडून वाचावी वा उजवीकडून, ती तीच राहते. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त तिचे वर्णन केले आहे: एकापासून सहापर्यंत चढणारी आणि त्याच क्रमाने उतरणारी. अशा संख्यांना त्यांनी कंठीची उपमा दिली. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने हा ग्रंथ १९६३ मध्ये हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला.

आचार्यांचा गुणाकार असा: २७९९४६८१ × ४४१. यात कंठीचा मागमूसही दिसत नाही. परंतु पहिली संख्या ५२९१ चा वर्ग आहे, दुसरी २१ चा; आणि ५२९१ × २१ = ११११११. म्हणजे आपली संख्या सहा एकांचा वर्ग होय. हा वर्ग कागदावर मांडावा. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. मधल्या रकान्यात सहा एक जमतात, दोन्ही बाजूंना एकेक कमी होत जातो. कोठेही हातचा येत नाही, म्हणून कंठी अखंड राहते. नऊ एकांपर्यंत हेच घडते. दहा एक घेतले की मध्ये हातचा येतो आणि कंठी तुटते.

मालवणच्या पेठेतील एखाद्या दुकानातला बारा अंकी कॅल्क्युलेटर हे अकरा अंकी उत्तर क्षणात देईल. कारण देणार नाही. चुकीची कळ दाबली गेली, तर चुकीचे उत्तरही तो तितक्याच ठामपणे दाखवील. ती चूक ओळखते ते कारण जाणणारे मन. गल्ल्यावर बसू लागलेल्या नातवंडांकडून हा गुणाकार एकदा पेन्सिलीने अवश्य करवून घ्यावा.