दुपारी घरात कोण असते?

घर बांधायला काढले की आपल्याकडे घराघरांत बैठका सुरू होतात. सिमेंटचा भाव काय, गवंड्याचा दर काय, खोल्या किती, पुढेमागे वर मजला चढवायचा का, जिना आतून की बाहेरून. मिस्त्री फक्कीने जमिनीवर आखून दाखवतो आणि चार दिवसांत पाया खणायला सुरुवात होते. या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही : दुपारी दोन ते सहा या वेळात या घरात कोण असणार आहे आणि ती व्यक्ती कोणत्या खोलीत असणार आहे?

हा प्रश्न विचारायला शिकवणारे शिक्षण आता आपल्याच भागात मिळते. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे वास्तुकला महाविद्यालय आहे. वास्तुकलेचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. लोकांना वाटते, तिथे मुले सुंदर इमारतींची चित्रे काढतात. प्रत्यक्षात कोणत्याही प्रकल्पाची सुरुवात जागा पाहण्यापासून होते. ऊन कोणत्या बाजूने येते, वारा कुठून वाहतो, जमीन कोणती, पाणी कुठे साचते, झाडे कुठे आहेत, हे आधी कागदावर उतरवायचे. मग पुठ्ठ्याची प्रतिकृती करायची आणि तिच्यावर दिवा धरून सकाळी, दुपारी, संध्याकाळी सावली कुठे पडते ते पाहायचे. जुने वाडे, जुनी गावे टेप लावून मोजायची. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे, इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. मोजायला शिकणाऱ्यांना इथे शाळा शोधावी लागत नाही. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने स्वतः विषय निवडून एक मोठा प्रकल्प करायचा असतो. पर्यावरण, नैसर्गिक उजेड, कमी विजेत चालणारी इमारत हे त्यातले आजचे लाडके विषय. त्यांचा आपल्या घराशी काय संबंध, हे या वेळी पाहू.

आधी आपल्या डोक्यावरच्या सूर्याचा हिशेब मांडू. बारामती आणि इंदापूर साधारण 18 अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा भर दुपारी अगदी माथ्यावर येतो. एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलै संपता संपता. मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो दक्षिणेकडे उतरतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून 48 अंशांवरच राहतो.

या आकड्यांचा उपयोग असा. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर 21 मार्चच्या सुमारास दुपारी त्याची सावली भिंतीवर सहा फूट खाली येते, म्हणजे सगळी खिडकी सावलीत. डिसेंबरात तीच सावली जेमतेम सव्वादोन फूट उतरते, म्हणजे थंडीत खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत येते. एकच छज्जा, उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊब. आता तोच दोन फुटांचा छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर धरा. मे महिन्यात साडेचारच्या सुमारास सूर्य 33 अंशांच्या आसपास उतरलेला असतो. सावली पडते सव्वा फूट. बाकीची खिडकी आणि सगळी भिंत तापत राहते. पश्चिमेला छज्जा कामाचा नाही. तिथे झाड हवे, उभी जाळी हवी, नाहीतर जिना, न्हाणीघर, साठवणीची खोली अशी जागा हवी, जिथे माणूस तासन्‌तास बसत नाही.

आणि आपल्या कितीतरी घरांत पश्चिमेला काय असते? स्वयंपाकघर. रस्ता पूर्वेला, म्हणून बैठकीची खोली पुढे. पाहुण्यांसाठी तिला मोठी खिडकी. मग मधली खोली, जिच्यात दिवसाही दिवा लावावा लागतो. शेवटी मागे स्वयंपाकघर, दीड फुटाची खिडकी, तीही शेजाऱ्याच्या भिंतीकडे पाहणारी. रमजान उन्हाळ्यात येतो तेव्हा इफ्तारची तयारी असरच्या नमाजनंतर जोरात सुरू होते. नेमकी तीच वेळ या भिंतीची तापण्याची. रोजा ठेवलेली बाई चुलीपुढे आणि तापल्या भिंतीला पाठ लावून उभी असते.

या बाबतीत देशाचे मानक काय सांगते ते ऐका. भारतीय मानक ब्युरोच्या दिवसाच्या उजेडाबाबतच्या मार्गदर्शिकेत (आयएस 2440) प्रत्येक खोलीला किती उजेड हवा ते दिले आहे. हिशेब असा : बाहेर मोकळ्या आकाशाखाली जो उजेड असतो, त्याचा शंभरातला किती वाटा आत पोहोचला पाहिजे. बैठकीच्या खोलीला 0.625 टक्के. अभ्यासाच्या खोलीला 1.9 टक्के. आणि स्वयंपाकघराला 2.5 टक्के. म्हणजे घरातल्या या तिन्ही जागांत सर्वांत जास्त उजेड स्वयंपाकघराला, बैठकीच्या चौपट! कारण उघड आहे. तिथे सुरी चालते, विस्तव असतो, धान्य निवडले जाते, आणि माणूस सर्वांत जास्त वेळ तिथेच उभा असतो. आपण बांधताना हे गणित नेमके उलटे करतो.

यावर घरातून एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. मोठी खिडकी म्हणजे परदा जातो. समोरच्या गच्चीवरून घरातले दिसते. मग खिडकी बंद, तिच्यावर जाड कापड, आणि आत ट्यूबलाइट. पण उजेड आणि परदा यांत एकच निवडायला लागते, हे कोणी सांगितले? दिल्ली-आग्र्यापासून अहमदाबाद-विजापूरपर्यंतच्या जुन्या इमारतींत दगडी जाळ्या आहेत त्या याच कामासाठी. उजळ बाजूला उभ्या असलेल्या माणसाला जाळीच्या पलीकडचे सावलीतले दिसत नाही, आतल्याला मात्र बाहेरचे दिसते. वारा छिद्रांतून येतो आणि उन्हाची तिरीप मोडते. आज यासाठी कोरीव दगड लागत नाही. साध्या विटा अंतर सोडून रचल्या तरी जाळी होते, आणि विटाही कमी लागतात. फक्त रात्री आत दिवा लागला की हा खेळ उलटतो, तेव्हा पडदा ओढावा लागतो, एवढे ध्यानात ठेवायचे.

याचे आजच्या काळातले उत्तम उदाहरण बांगलादेशातले आहे. ढाक्यात 2012 साली बैत-उर-रऊफ ही मशीद पूर्ण झाली. वास्तुरचनाकार मरीना तबस्सुम. जागा त्यांच्या आजींनी दिली होती. या मशिदीला ना घुमट, ना मिनार. सगळी इमारत विटांची. भिंतींना विटांच्या जाळ्या, छताला लहान गोल छिद्रे. दिवसा त्यांतून उजेडाचे कवडसे नमाजच्या जागेत उतरतात आणि दमट ढाक्यातही हवा खेळती राहते. 2016 साली या मशिदीला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. आपल्या मुली या शिक्षणाला जाऊन काय करणार, असे विचारणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे व्हावे.

छतातून उजेड आणणे आपल्यालाही नवे नाही. आपल्या कोरड्या पूर्व भागात माळवदाची घरे होती. जाड भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर, आणि मध्ये उजेडासाठी व धूर जाण्यासाठी ठेवलेले साणे. बाहेर ऊन रणरणत असताना आत गारवा असे, कारण एवढी जाड माती तापायला संध्याकाळ होई. पण जुने ते सगळे सोने, असेही आम्ही म्हणणार नाही. माळवद दर वर्षी डागडुजी मागे, पावसात गळे, विंचू-उंदरांना आसरा देई. आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर लोकांनी स्लॅब मागितला, तो उगाच नाही.

म्हणून विद्यार्थ्याचे खरे काम इथे सुरू होते. माळवदाची नक्कल नको, त्यातले मर्म हवे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात सोडतो. रात्री दहाला पंखा गरम वारा फेकतो तो त्यामुळे. स्लॅब मजबूत राहू द्या, पण त्याला ऊन लागू देऊ नका. वर पांढरा चुना, फुटक्या पांढऱ्या टाइल, किंवा गच्चीवर वेलीचा मांडव. यातला चुना सर्वांत स्वस्त. दर उन्हाळ्यापूर्वी एक हात मारावा लागतो, एवढेच.

पाण्याचा हिशेबही असाच. इंदापूर तालुक्याच्या एका बाजूला उजनीचे अथांग पाणी, इतके की पळसदेवचे जुने मंदिर त्यात बुडाले आणि धरण आटले की दिसते. पण कालव्यापासून दूरची गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस धरला, तर हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 46 हजार लिटर पाणी पडते. काही वाया गेले तरी 35 हजार लिटर हाती लागते, म्हणजे दहा हजारांचे साडेतीन टँकर. घर बांधतानाच जमिनीखाली टाकी घेतली, तर हे पाणी आपले. मशिदीतल्या वुजूच्या पाण्याचेही तसेच. त्यात साबण नसतो, ते जवळजवळ स्वच्छ असते. वेगळा पाइप टाकून ते झाडांना किंवा शोषखड्ड्याला देता येते. एका मुदमध्ये, म्हणजे साधारण पाऊण लिटरमध्ये वुजू करण्याची सुन्नत आपण सांगतो. मग वाहून गेलेल्या पाण्याचा विचारही आपणच केला पाहिजे.

घर असलेल्यांचे झाले. ज्यांना घरच नाही त्यांचे काय? दिवाळीच्या सुमारास बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्या उभ्या राहतात. बीड-अहिल्यानगरकडून आलेली ऊसतोड कुटुंबे बांबू, वाढे आणि प्लॅस्टिकचा कागद यांच्या खोपटात चार-पाच महिने काढतात. वाकून आत जायचे, उजेड नाही, मोरी नाही, आणि बाई पहाटेच्या आधी उठून अंधारात भाकरी थापते. हंगाम संपला की सगळे मोडून परत गावी. मरीना तबस्सुम यांनीच नदीच्या पुराने वारंवार उठावे लागणाऱ्या लोकांसाठी ‘खुदी बाडी’, म्हणजे छोटे घर, तयार केले आहे. बांबूचा सांगाडा आणि लोखंडी सांधे. घरातल्या माणसांना ते उभारता येते, सोडवता येते, दुसरीकडे नेता येते. त्यालाही 2025 साली आगाखान पुरस्कार मिळाला. तिथे लोकांना पूर उठवतो, इथे पोट उठवते. बारामतीत शिकणाऱ्या मुलामुलींना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी याहून जवळचा विषय कुठे मिळेल? काचेची ग्रंथालये आणि विमानतळ नंतरही काढता येतील. कोपी कॉलेजपासून सायकलच्या अंतरावर आहे.

आता आपल्या हातातले सांगतो. प्लॉट वीस बाय पन्नास, तीन बाजूंनी शेजारी, अशी अडचण बहुतेकांची असते. तिथेही घराच्या मध्यावर चार बाय चार फुटांची जागा वरपर्यंत मोकळी सोडली, तर मधल्या खोलीचा दिवसाचा दिवा बंद होतो आणि गरम हवेला वर वाट मिळते. जिन्याच्या टोपीला भिंतीऐवजी जाळी केली तरी बरेच काम होते. केंद्र सरकारच्या 2018 सालच्या निवास संहितेत उष्ण-कोरड्या हवामानासाठी घराच्या आतल्या क्षेत्रफळाच्या किमान 10 टक्के भाग बाहेर उघडणारा हवा असे म्हटले आहे. सहाशे चौरस फुटांच्या घराला साठ चौरस फूट. आज रात्री आपल्या घराच्या उघडणाऱ्या खिडक्या आणि बाहेरची दारे मोजून पाहा. आणि पाया घालताना काळ्या मातीवर थांबू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला चिरा पाडते. घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जा.

बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असलेल्या ज्या मुलामुलींचा हात चित्रात चालतो, त्यांना ‘नाटा’ ही प्रवेश परीक्षा देऊ द्या. आणि असे विद्यार्थी मोहल्ल्यात टेप घेऊन मोजमापाला आले, तर त्यांना दारातून परत पाठवू नका. पोरींना आत स्वयंपाकघरात नेऊन अम्मीशी, दादीशी बोलू द्या. कोणत्या वेळी कुठे उकडते, कुठे डोळे ताणावे लागतात, पाणी भरताना किती खेपा होतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

या वर्षी ज्यांच्या घराचे काम निघणार आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे : मिस्त्रीला होकार देण्याआधी तो नकाशा एक दिवस घरातल्या बायकांच्या हाती ठेवा. पूर्व-पश्चिम दाखवा आणि विचारा, दुपारी तुम्ही कुठे बसणार? त्या बोट ठेवतील त्या जागेला पहिली खिडकी द्या.