सोनं लाखाच्या पुढे, पण वाड्यातल्या तिजोरीला भाव भंगाराचा. गणित कुठे चुकतंय?

सोन्याने एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा गाठला आणि गावोगावी जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. दागिने ठेवायचे कुठे? बँकेचा लॉकर मिळाला, तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीत माल गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. म्हणजे दोन तोळेही भरून निघत नाहीत.

मग घरातल्या तिजोरीला गिऱ्हाईक हवं की नको? वाटण्या झालेल्या वाड्यांत, बंद पेढ्यांत, कुलूप लागलेल्या पतसंस्थांत जुन्या लोखंडी तिजोऱ्या धूळ खात पडल्यात. तरी एखादी विकायला काढली की पहिला फोन येतो भंगारवाल्याचा.

याचं कारण वजन. जे वजन चोराला अडवतं, तेच गिऱ्हाइकालाही अडवतं. चार-पाचशे किलोची वस्तू माडीवरून उतरवायची तर चेन पुली, लोखंडी पाइप, पाच-सहा धट्टीकट्टी माणसं आणि शेवटी हायड्रा किंवा ट्रॅक्टर लागतो. जिना लाकडी असेल तर तो वाचेल याची खात्री नाही. हा खर्च घेणारा मनात आधीच वजा करतो आणि विकणारा मात्र धरतच नाही. सौदा फिसकटतो तो इथेच.

दुसरी फसगत किलोच्या हिशोबात होते. समजा तिजोरी ४५० किलो आणि लोखंड २८ रुपये किलो. घरच्यांच्या डोक्यात १२,६०० रुपये पक्के बसतात. पण आगीपासून बचाव व्हावा म्हणून जुन्या तिजोऱ्यांच्या दोन पत्र्यांमध्ये मसाला भरलेला असतो, तो काही लोखंड नव्हे. निव्वळ लोखंड ३०० किलो निघालं तर रक्कम ८,४०० वर येते, त्यातून गॅस कटरची मजुरी जाते. म्हणून भंगारवाला सहा-सात हजार म्हणाला की तो लुटतोच आहे असं नाही. मात्र तो जीएसटीचं कारण पुढे करत असेल तर सावध व्हा. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याने बिगर-नोंदणी माणसाकडून धातूचं भंगार घेतलं, तर १८ टक्के कर त्यानेच भरायचा असतो, आणि साधारणपणे त्याचं क्रेडिटही त्याला मिळतं. त्या नावाखाली तुमचा भाव पाडायचं कारण नाही.

भंगाराचा हा आकडा म्हणजे तळ. त्याच्या वर किती जायचं ते चावीवर ठरतं. दोन्ही चाव्या आहेत, कुलूप गुळगुळीत फिरतंय, दार झुकलेलं नाही, आतला चोरकप्पा उघडतो, कंपनीची पाटी जागेवर आहे, अशा तिजोरीला सराफ, अडत दुकानदार किंवा कृषी केंद्रवाला वापरासाठी पैसे मोजतो. गोदरेजसारख्या नावाचा लौकिकही कामी येतो. १९४४ च्या मुंबई गोदीच्या स्फोटातल्या आगीत त्यांच्या तिजोऱ्या टिकल्याचं आजही सांगितलं जातं. चावी हरवलेली आणि दार कापून उघडलेली तिजोरी मात्र कितीही नामी असली तरी भंगारच.

जाहिरात टाकताना नुसता दाराचा फोटो नको. उंची, रुंदी, अंदाजे वजन, कितव्या मजल्यावर आहे आणि उतरवायचा खर्च कोणाचा, हे लिहिलं तर फुकटचे फोन निम्म्याने कमी होतील. 'जागेवरून उचलून न्या' या अटीवर भाव थोडा सोडला तरी परवडतं. चाव्यांचे फोटो टाकू नयेत, आणि घेणाऱ्याने कुलूप बदलून घ्यावं. जुनी चावी कोणाकोणाच्या हाती गेली, कोण सांगणार?

फोनवरच भाव कबूल करून 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका' म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० वर फोन करा.

पतसंस्थेची तिजोरी असेल तर विकणारा कोण, ते आधी बघा. संस्थेवर अवसायक नेमलेला असेल तर मालमत्तेचा ताबा त्याच्याकडे असतो. जुन्या चेअरमनने परस्पर दिलेला माल उद्या घेणाऱ्याच्या गळ्यात येईल.

राहिली आतली वस्तू. पाटील-देशमुखांच्या वाड्यांत तिजोरीत आजोबांची बंदूक किंवा काडतुसं निघण्याची शक्यता असते. परवानाधारक वारला असेल तर ती घरात ठेवता येत नाही, आणि तिजोरीबरोबर देता तर मुळीच येत नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. वारसाला हवी असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. म्हणून गिऱ्हाईक दारात यायच्या आधीच तिजोरी घरच्या दोघा-तिघांनी मिळून पूर्ण रिकामी करावी, चोरकप्प्यासकट.