मागील बाकी

दिवाळीत वहीपूजन करून नवी वही उघडायची आणि पहिल्या ओळीत मागील बाकी ओढायची, ही आपली जुनी चाल. ती एक ओळ नसेल तर खालच्या शंभर नोंदी निरर्थक होतात. पाच वजा, तीन जमा; पण कशातून वजा आणि कशात जमा? वाचकहो, यंदा मला लिहायचे आहे ते घरावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याविषयी, आणि आरंभ वहीपासून केला आहे तो मुद्दामच.

मुंबई-पुण्यातल्या कितीतरी कुटुंबांची वडीलधारी माणसे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे वाडीत एकटी राहतात. मुले अंगणात कॅमेरा लावतात आणि इकडे फोनवर पाहतात. माझ्या मामेभावानेही नागावच्या घरी तसा लावला. तिकडे वीज वरचेवर जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा घेतला. गेल्या श्रावणात मामी सकाळी पूजेची फुले काढायला गेल्या आणि अंगणात पडल्या. फोनवर चित्र आले, पण त्यात मामी आधीच जमिनीवर! डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चक्कर येऊन पडल्या की पाय घसरून?" मामींना काही आठवेना. पाय घसरला असेल तर हाड पाहायचे. चक्कर आली असेल तर हृदय आणि मेंदू तपासायचा. अखेर सगळेच तपासले. चार दिवस घर काळजीत होते. सुदैवाने मुक्या मारावर निभावले. मामी मुलाला म्हणाल्या, "अरे, तुझा कॅमेरा माझ्याच वयाचा दिसतो. सगळे झाल्यावर जागा होतो!"

मामींचे निदान अचूक होते. बॅटरीवरचे पुष्कळसे कॅमेरे शक्ती वाचवण्यासाठी झोपून असतात. अंगाची ऊब टिपणारा एक छोटा डोळा त्यांना उठवतो. उठून चित्र घेईपर्यंत सेकंद-दोन सेकंद जातात, आणि माणूस पडायला तेवढाही वेळ लागत नाही.

यावर तोड अशी की कॅमेऱ्याने सतत जागे राहायचे, गेल्या दहा सेकंदांचे चित्रण स्मृतीत धरायचे आणि त्याहून जुने टाकत जायचे. काही घडले की ते दहा सेकंद पुढच्या चित्रणाला जोडून कार्डावर उतरवायचे.

हे स्वस्तात कसे जमते? 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचे एक चित्र जसेच्या तसे ठेवले तर सुमारे 3 मेगाबाइट जागा खाते. सेकंदाला अशी 25 चित्रे. म्हणजे दहा सेकंदांना जवळजवळ 780 मेगाबाइट. पण 2003 साली आलेल्या एच.264 सारख्या पद्धतीने चित्रण आवळले आणि सेकंदाला 2 मेगाबिटचा वेग धरला, तर तेच दहा सेकंद अडीच मेगाबाइटमध्ये मावतात.

ही आवळण्याची युक्ती म्हणजे आपली वहीच. अधूनमधून एक चित्र पूर्ण लिहायचे, ती मागील बाकी. त्यापुढे फक्त बदल लिहायचा: मामी दोन पावले पुढे, मांजर उडाले. म्हणून जुने टाकताना वाटेल तिथे कात्री लावून चालत नाही. पूर्ण चित्र टाकले तर त्याच्या आधाराचे सारे बदलही टाकावे लागतात, नाहीतर पडद्यावर नुसता चिखल दिसतो. पूर्ण चित्र दर दोन सेकंदांनी येत असेल, तर दहा सेकंदांची खात्री देण्यासाठी बारा सेकंदांची जागा राखावी लागते.

कोकणात आणखी एक अडचण. पावसाळ्यात माडांच्या झावळ्या हलतात, सरी कोसळतात. बदल वाढला की नोंदी वाढतात, आणि जागा तेवढीच असली तर दहाचे सहा सेकंद होतात. शहाणा कारागीर म्हणूनच जागेचा हिशेब उन्हाळ्यावर न करता आषाढावर करतो.

आधीचे कळणे किती मोलाचे असते, ते या किनाऱ्याला चांगले ठाऊक आहे. 18 ऑगस्ट 2022 रोजी हरिहरेश्वरला एक बेवारस नौका लागली आणि तिच्यात तीन एके-47 रायफली निघाल्या. याच जिल्ह्यात शेखाडीला 1993 साली स्फोटके उतरली होती, त्यामुळे सगळ्यांच्याच छातीत धस्स झाले. नौका समोर होती. प्रश्न होता तो आधी काय घडले याचा. इंजिन बिघडले, खलाशांची भर समुद्रात सुटका झाली आणि रिकामी नौका वाहत आली, हे कळल्यावरच लोकांच्या जिवात जीव आला.

सतत जागायचे म्हणजे वीज लागणार. मामेभावाने आता विजेवरचा कॅमेरा इन्व्हर्टरला जोडून घेतला आहे. आपणही घेणार असाल तर दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. घटनेच्या आधीचे किती सेकंद राहतात? भर पावसातही तेवढेच राहतात काय? वीज गेल्यावर कॅमेरा किती तास चालतो? आणि ज्यांच्या अंगणात तो लावायचा, त्यांना सर्वांत आधी विचारा. मामींनी परवानगी दिली, पण एका अटीवर. "चित्र बघा खुशाल, पण रोज रात्री फोनही करा."