अंश मोजला, छेदाचे काय?

गडचिरोली-चंद्रपूरच्या वनप्रदेशात बालके दगावल्याचा प्रश्न विधिमंडळात निघाला, की उत्तरादाखल एक आकडा पुढे केला जातो: यंदा अमुक मृत्यू, गतवर्षीपेक्षा कमी. सभागृहाचे त्याने समाधान होत असेल, संख्याशास्त्राचे होत नाही. मृत्यू हा केवळ अंश झाला. छेद म्हणजे त्याच गावांत, त्याच वर्षी झालेले जन्म. घरी जन्मलेले आणि चौथ्या दिवशी गेलेले अर्भक बहुधा जन्माच्या नोंदवहीत येत नाही आणि मृत्यूच्याही नाही. अशाने अंश छेदाहून कितीतरी अधिक वेगाने आटतो. नोंदणी जितकी ढिसाळ तितके आरोग्य उत्तम, असा हा विचित्र हिशेब आहे.

देशातील अर्भकमृत्यूचा दर ज्या नमुना नोंदणी पद्धतीतून निघतो, ती राज्यांचे दर देते, जिल्ह्यांचे नव्हे. पुणे आणि भामरागड एकाच सरासरीत विरघळतात.

ही उणीव भरून काढता येते, याचा दाखला गडचिरोलीनेच दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून नवजात बालकांच्या मृत्यूंचा जो अभ्यास केला, त्यात ३९ गावांत घरोघरी शुश्रूषा पोचविली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. आधी दोन वर्षे दोन्हीकडे फक्त मोजणी केली. तेव्हा नवजात मृत्युदर दोन्हीकडे हजारी साठीच्या आसपास होता. शुश्रूषेच्या तिसऱ्या वर्षी तो ३९ गावांत पंचविशीवर आला आणि तुलनेच्या गावांत जवळजवळ होता तेथेच राहिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. परंतु आधीची मोजणी हाती असल्यामुळे त्याची धार बरीच बोथट होते. तुलनेची गावे नसती, तर ही घट रस्त्यांमुळे झाली की चांगल्या पावसामुळे, हा वाद कधीच मिटला नसता. २०११ मध्ये केंद्र शासनाने हीच कल्पना ‘आशां’मार्फत देशभर स्वीकारली.

एवढी गावे कशासाठी, असे कोणी विचारील. हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंचवीसएक जन्म झाले, असे धरू. साठीच्या दराने त्यांत एक किंवा दोन मृत्यू अपेक्षित आहेत. पुढच्या वर्षी एकही झाला नाही, तर तो योजनेचा विजय नव्हे आणि तीन झाले, तर परिचारिकेचा गुन्हाही नव्हे. तरीही एका गावाच्या एका वर्षावरून कर्मचाऱ्यांना बक्षिसे आणि नोटिसा मिळतात!

आता सिकलसेलची गणना सुरू आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीच्या आतील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. येथे गणित अधिक बोलके आहे. समजा, एखाद्या समाजात हजारी दीडशे वाहक आढळले. हार्डी-वाइनबर्ग नियमानुसार तेथे जन्मतः हजारी सहा-सात बालके रुग्ण असली पाहिजेत. जमातीतल्या जमातीत विवाह होत असल्यास किंचित अधिकच. परंतु आश्रमशाळेतील तपासणीत हजारी दोनच रुग्ण सापडले, तर उरलेली चार-पाच मुले कोठे गेली? काही गैरहजर असतील, आजारी मुले शाळेत येतच नसतील. पण बरीचशी शाळेच्या वयापर्यंत पोचलीच नसावीत. वरवर दिलासा देणारा आकडा वस्तुतः मृत्यूची नोंद असू शकतो, आणि ती कोणत्याही नोंदवहीत नसते.

शाळेत किंवा शिबिरात मोजणारी तपासणी वाचलेल्यांचीच मोजदाद करते. गेलेल्यांचा हिशेब हवा असेल, तर तो जन्मापासून मांडावा लागेल. त्यातही अडचण आहे. नेहमीची स्वस्त विद्राव्यता चाचणी पहिल्या काही महिन्यांत भरवशाची नसते, कारण तेव्हा रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असते. नवजातासाठी वेगळे यंत्र आणि ते चालविणारा तंत्रज्ञ लागतो. पर्लकोटेला पूर आला की तुटणाऱ्या तालुक्यातून रक्ताचा नमुना त्या यंत्रापर्यंत किती दिवसांत पोचेल, आणि त्या बालकाचे नाव पाच वर्षे कोणाच्या वहीत राहील, हे मोहिमेच्या अंदाजपत्रकात प्रथम लिहिले गेले पाहिजे. कोटींची उद्दिष्टे त्यानंतर.