खरेदीपूर्वीचा विवेक

पेढीच्या दर्शनी भागात काचेची मत्स्यपेटी ठेवण्याची आवड अनेक व्यापारी कुटुंबांत आढळते. त्यातही अरोवाना या माशाला विशेष मान. त्याचे मोठे, चकाकते खवले नाण्यांसारखे भासतात. चिनी परंपरेतील ड्रॅगनशी त्याचे साम्य कल्पिले गेले आणि तो घरी असला की धन येते, घरावरील संकट तो स्वतःवर घेतो, अशी समजूत रूढ झाली. तिच्यापोटी बोटाएवढे पिल्लू घरात येते. ते मोठे झाल्यावर काय, हा प्रश्न त्या वेळी सहसा कोणी विचारीत नाही.

अरोवाना जन्मतः मांसाहारी आहे. नदीत तो पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरून कीटक व लहान मासे टिपतो. ॲमेझॉन खोऱ्यातील रुपेरी अरोवाना सुमारे तीन फुटांपर्यंत वाढतो. चार फूट लांब व दीड फूट रुंद पेटीत अशा माशाला वळणेही कठीण. सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच पेटीत सुमारे 680 लिटर पाणी मावते, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन 680 किलो. तरीही ती जागा त्याला तोकडीच. झाकण सैल राहिले, तर उंच उडी घेणारा हा जीव फरशीवर पडून तडफडून मरतो.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार श्रावकाला परिचित आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. या पेटीपाशी त्यांतील दोन एकत्र येतात. अपुऱ्या जागेत कोंडणे हा बंध. रोज जिवंत मासे खाऊ घालणे म्हणजे एका पंचेंद्रिय जीवाच्या शोभेसाठी इतर पंचेंद्रिय जीवांचा प्राणघात. तो टाळण्यासाठी उपाशी ठेवावे, तर अन्नपाननिरोध. दुकानात मिळणारे गोळीखाद्यही बहुधा माशांच्या भुकटीचेच असते. दोष माशाचा नाही; तो आपल्या प्रकृतीनुसार जगतो. दोष त्याला हौसेने घरी आणणाऱ्याकडे येतो.

मासा आवरेनासा झाला की काहींना जीवदया आठवते आणि तो तळ्यात सोडला जातो. ही दया त्या तळ्यातील असंख्य जीवांच्या मुळावर येते. उत्तर अमेरिकेतील ॲलिगेटर गार हा सहा फुटांहूनही अधिक वाढणारा शिकारी मासा 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात सापडला. केरळात 2018 च्या महापुरानंतर नद्यांमध्ये ॲमेझॉनचा अरापैमा आढळला. हे मासे आपल्या पायांनी भारतात आलेले नाहीत. हौशी माणसांनीच त्यांना येथे आणले. स्थानिक माशांना अशा शिकाऱ्यांची सवय नसते.

कायद्याचेही भान हवे. आशियाई अरोवाना साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022 च्या सुधारणेनुसार अशा परदेशी प्रजाती बाळगणाऱ्याने शासनाकडे नोंद करणे आवश्यक आहे.

ज्यांच्या घरी असा मासा आधीच आहे, त्यांनी त्याला टाकून देऊ नये. जिवंत माशांऐवजी हळूहळू गोळीखाद्याची सवय लावावी. त्यातही हिंसा उरते, पण घरातील रोजचा वध थांबतो. शक्य तितकी मोठी जागा द्यावी, किंवा मोठे हौद असलेल्या जाणत्या पालकाकडे त्याला सोपवावे. तो गेल्यावर त्या जागी दुसरा आणू नये; रिकाम्या पेटीत पाणवनस्पती लावल्या तरी पेढीची शोभा कमी होत नाही.

माल घेण्यापूर्वी तो ठेवायचा कोठे, त्याचा खर्च किती आणि शेवटी तो जाणार कोठे, हे व्यापारी पाहतोच. जीव घरी आणताना निदान तेवढी चौकशी तरी व्हावी.